ब्रूक फार्मची कैफियत

एखाद्या संस्थेत चांगला कादंबरीकार सहा-सात महिने राहून जावा, हे त्या संस्थेचे भाग्य म्हणावे की दुर्दैव, असा प्रश्न नॅथॅनियल हॉथॉर्नची 'द ब्लाइथडेल रोमान्स' ही कादंबरी वाचताना आमच्या मनात वारंवार उभा राहतो. कादंबरी प्रसिद्ध झाली १८५२ साली. तीतील ब्लाइथडेल ही वसाहत ज्या खऱ्या वसाहतीवरून रचली आहे, ते बोस्टननजीकचे ब्रूक फार्म तत्पूर्वी पाच वर्षे मोडून गेले होते. मोडलेल्या संस्थेस आपली बाजू मांडणारा कोणी उरत नाही. आणि येथे तर फिर्यादीच्या हाती अमेरिकेतील त्या काळची सर्वांत कसलेली लेखणी होती. परिणाम असा झाला की, सुशिक्षित माणसांनी शेतीचा मांडलेला पोरखेळ, हीच ब्रूक फार्मची ओळख पुष्कळांच्या मनात कायम झाली. कादंबरी उत्तम आहे ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु उत्तम कादंबरी ही सत्य साक्ष असतेच असे नाही, आणि ह्या प्रकरणी साक्षीदाराची उलटतपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आरोपी कोण, ते पाहू. जॉर्ज रिप्ले हा बोस्टनमधील पर्चेस स्ट्रीटवरील युनिटेरियन चर्चचा धर्मोपदेशक. १८२६ पासून तो तेथे प्रवचने करीत होता. गृहस्थ मोठा व्यासंगी, जर्मन तत्त्वज्ञानाचा अभ्यासक, आणि त्याचा ग्रंथसंग्रह त्या शहरात नावाजलेला. ज्या मंडळींना पुढे ट्रॅन्सेंडेंटलिस्ट असे नाव पडले, त्यांच्या मंडळाची १८३६ सालची पहिली रीतसर बैठक त्याच्याच घरी भरली होती. इमर्सन, मार्गारेट फुलर, थिओडोर पार्कर हे त्याचे स्नेही. मनुष्याच्या अंतःकरणातच ईश्वराचा साक्षात्कार व्हावयाचा, त्यास चमत्कारांचा किंवा परंपरेचा पुरावा नको, असे ह्या मंडळींचे मत होते. त्यांचे दृष्टिक्षेत्र किती विस्तीर्ण होते हे सांगावयाचे तर, त्यांच्या 'डायल' ह्या त्रैमासिकात १८४२ साली आपल्या हितोपदेशातील आणि पुढच्या वर्षी मनुस्मृतीतील उतारे छापलेले आहेत. ज्या काळी आमच्याकडे हितोपदेश हा शाळकरी पोरांच्या संस्कृतचा खुराक होता, त्या काळी बोस्टनमध्ये तो जगातील धर्मग्रंथांच्या पंक्तीस बसविला जात होता!

रिप्लेस मात्र ह्या विचारांचे ओझे होऊ लागले. आपण व्यासपीठावरून बंधुभाव सांगावा आणि खाली बसलेल्या श्रीमंतांनी तो ऐकून आपापल्या गाड्यांतून घरी जावे, ह्यात त्यास खोटेपणा वाटू लागला. १८४१ च्या मार्चमध्ये त्याने उपदेशकाची जागा सोडली आणि एप्रिलमध्ये तो पत्नी सोफिया हिच्यासह, मूठभर माणसे बरोबर घेऊन, वेस्ट रॉक्सबरी येथील एका दुग्धशेतावर राहावयास गेला. शेत बोस्टनपासून सुमारे नऊ मैलांवर. विचार करणारा आणि अंगमेहनत करणारा अशी जी माणसांची फाळणी झाली आहे, ती एकाच माणसाच्या ठायी मिटवावयाची, हा त्याचा हेतू. आश्रम हा शब्द येथे आम्ही बेतानेच योजतो. एकांत होता, साधी राहणी होती, आत्मोन्नतीची तळमळ होती. पण गुरू नव्हता, दीक्षा नव्हती, आणि कोणाच्या धर्ममतास कोणी हात लावीत नसे. त्याच सुमारास ब्रॉन्सन ऑल्कॉटने 'फ्रूटलँड्स' नावाची दुसरी वसाहत काढली. तीत मांस, दूध, सुताचे कापड ही सारी निषिद्ध होती, आणि ती १८४३ च्या उन्हाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यात बुडाली. ब्रूक फार्मवर शाकाहाऱ्यांचे टेबल निराळे असे, इतकेच.

रिप्लेने इमर्सनलाही बोलाविले होते. इमर्सनने बराच विचार करून नकार कळविला. स्वतःची सुधारणा आपण आपल्या घरीच केली पाहिजे असे त्याचे म्हणणे पडले. त्याप्रमाणे त्याने घरी एक प्रयोग केलाही. स्वयंपाकीण आणि मोलकरीण ह्यांनी कुटुंबाच्या पंक्तीस बसून जेवावे असे त्याने सुचविले. मोलकरीण कबूल झाली, पण स्वयंपाकीणबाईंनी साफ नाही म्हटले. आणि मग त्यांना एकटे वाटू नये म्हणून मोलकरीणही स्वयंपाकघरातच जेवू लागली. समतेचा प्रश्न पंक्तीपाशी येऊन कसा अडतो, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

हॉथॉर्न १२ एप्रिल १८४१ रोजी, बर्फ पडत असताना, शेतावर पोहोचला. बोस्टनच्या जकात कचेरीतील नोकरीतून शिल्लक टाकलेल्या पैशांतून त्याने प्रत्येकी ५०० डॉलरचे दोन भाग घेतले. सोफिया पीबडी हिच्याशी त्याचा विवाह ठरला होता; येथे घर होईल, अर्धा दिवस श्रम करून उरलेल्या वेळात लिहावयास मिळेल, असा त्याचा हिशेब. ह्या हिशेबात ब्रह्मविद्येचा भाग फारसा नव्हता, आणि त्यात लाज वाटण्याजोगेही काही नाही. पहिले काही आठवडे त्याने भावी पत्नीस मोठ्या खुशीची पत्रे लिहिली. गोठ्याबाहेरच्या खताच्या ढिगास त्याने सोन्याच्या खाणीची उपमा दिली. मार्गारेट फुलरच्या मालकीच्या एका मारक्या गाईवर विनोद केले. जून उजाडतो न उजाडतो तोच सूर पालटला. पैशाच्या राशीखाली माणसाचा आत्मा गाडला जातो तसा तो शेणाच्या ढिगाखालीही गाडला जाऊ शकतो, ह्या अर्थाचे उद्गार तो काढू लागला. नोव्हेंबरात त्याने शेत सोडले. सोडण्यापूर्वी काही आठवडेच संस्थेने त्यास विश्वस्त आणि अर्थसमितीचा प्रमुख नेमले होते. माणसे निवडण्याच्या कामी रिप्लेची दृष्टी कशी होती, ह्याचा हा एक नमुना.

आता कादंबरीकडे वळू. तीत निवेदक आहे माइल्स कव्हरडेल नावाचा एक हलकासा कवी. तोही बर्फातूनच ब्लाइथडेलला येतो, आल्याबरोबर आजारी पडतो, बरा झाल्यावर थोडेफार काम करतो, आणि पुष्कळसा वेळ वेलींनी वेढलेल्या एका झाडात बसून इतरांचे बोलणे ऐकतो. त्याच्या पाळतीवर असलेली माणसे तीन : गुन्हेगारांच्या उद्धाराच्या एकाच कल्पनेने झपाटलेला हॉलिंग्सवर्थ, तेजस्वी व अभिमानी झेनोबिया, आणि अशक्त, परावलंबी प्रिसिला. ब्लाइथडेलच्या ध्येयाशी हॉलिंग्सवर्थला काही कर्तव्य नाही; ती जमीन आपल्या योजनेसाठी मिळवावी हा त्याचा डाव आहे. झेनोबियाचे द्रव्य आहे तोवर ती त्यास हवी असते, ते जाताच तो प्रिसिलेचा हात धरतो. झेनोबिया नदीत जीव देते, आणि रात्री होडीतून तिचे प्रेत शोधून काढण्याचे जे वर्णन हॉथॉर्नने केले आहे, ते एकदा वाचलेला मनुष्य विसरणार नाही.

हे वर्णन इतके खरे का उतरले, ह्याचे कारण आहे. १८४५ च्या जुलैत कॉन्कर्ड नदीत एका तरुण शिक्षिकेने जीव दिला. तिचे प्रेत शोधावयास जी होडी गेली, तीत हॉथॉर्न स्वतः होता. पण ब्रूक फार्मचा ह्या घटनेशी काडीचाही संबंध नाही. झेनोबियात मार्गारेट फुलर दिसते असे त्या काळच्या वाचकांनी ठरविले, आणि ती १८५० साली जहाज फुटून बुडून मेली होती, ह्यामुळे ह्या तर्कास बळ आले. तीही ब्रूक फार्मची सभासद कधीच नव्हती. ती येई, राही, संभाषणे करी आणि परत जाई. तेव्हा कादंबरीतील जो प्रसंग वाचकाच्या मनावर सर्वांत खोल बिंबतो आणि ज्यामुळे ब्लाइथडेलवर एक काळी छाया पसरते, तो प्रसंग दुसऱ्या गावचा, दुसऱ्या माणसाचा आहे. कादंबरीकारास असे करण्याची मुभा आहे, हे आम्हांस मान्य आहे. प्रस्तावनेत त्याने तसे सांगूनही टाकले आहे : ब्रूक फार्म ही आपण केवळ रंगभूमी म्हणून घेतली, तेथील माणसांची चित्रे काढलेली नाहीत. परंतु रंगभूमी घ्यावयाची तर निदान तिच्यावर काय काय उभे होते, ते तरी डोळ्यांआड करू नये.

कारण ब्रूक फार्मवर जे उभे होते, ते म्हणजे एक शाळा. कादंबरीत ती कोठेही दिसत नाही, आणि आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. संस्थेचे रीतसर नावच मुळी 'ब्रूक फार्म शेतकी व शिक्षण संस्था' असे होते. लहान मुलांच्या वर्गापासून तो कॉलेजच्या प्रवेशाच्या सहा वर्षांच्या तयारीपर्यंत तेथे शिक्षण मिळे. रिप्ले स्वतः तत्त्वज्ञान व गणित शिकवी. सोफिया रिप्ले इतिहास व आधुनिक भाषा शिकवी, आणि तिच्याकडे दान्ते मूळ इटालियनमध्ये वाचण्याचा वर्ग चाले. चार्ल्स डेना ग्रीक व जर्मन शिकवी. जॉन सलिव्हन ड्वाइट लॅटिन शिकवून झाल्यावर मुलांना मोझार्ट व बेथोवेन ह्यांचे संगीत ऐकावयास आणि गावयास लावी. बोस्टनमध्ये एखादी मोठी मैफल असली की मंडळी गाडीतून किंवा पायी नऊ मैल जात आणि रात्री चांदण्यातून परतत. विद्यार्थ्यांस शेतावर किंवा घरात काही काम करावेच लागे. मुलगे व मुली एकत्र शिकत. शिक्षक आणि शिष्य एकाच टेबलावर जेवीत, आणि ताटे धुण्याची पाळी ग्रीकच्या अध्यापकासही चुकत नसे.

दुसरी गोष्ट श्रमाच्या मोलाची. नांगरणे, शिकविणे, धुणे धुणे, हिशेब लिहिणे, ह्या सर्व कामांस एकच दर होता, आणि तो पुरुषास व स्त्रीस सारखाच होता. १८४१ साल लक्षात आणावे! बायकांनी तयार केलेल्या टोप्या व दिव्यांवरची आच्छादने बोस्टनच्या दुकानांत विकली जात, आणि त्या पैशाचा त्यांना केवढा अभिमान वाटे, हे ड्वाइटची बहीण मेरिअन हिच्या पत्रांतून दिसते. आपण स्वतः मिळवू लागलो म्हणजे पुरुषांनी आपल्यास बरोबरीने वागविणे हे त्यांच्या मेहेरबानीवर राहणार नाही, हा विचार तिने स्पष्ट मांडला आहे. झेनोबियेच्या तोंडी हॉथॉर्नने स्त्रियांच्या हक्कांची भाषा घातली आहे खरी. परंतु ती भाषा करणाऱ्या स्त्रीस त्याने शेवटी एका पुरुषाच्या नकाराने नदीकडे धाडले. मेरिअन ड्वाइटच्या पत्रांतील टोप्या शिवणारी स्त्री आम्हांस झेनोबियेहून अधिक नवी वाटते.

म्हणजे ब्रूक फार्म निर्दोष होते काय? मुळीच नाही, आणि रिप्लेचा कैवार घेताना त्याचे जमाखर्च झाकून ठेवण्याचा आमचा इरादा नाही. जमीन वाळूखडीची, गवत बरे येई, पीक यथातथा. ती १०,५०० डॉलरांस विकत घेतली आणि त्याच वेळी एकूण ११,००० डॉलरांस गहाण टाकली. खरेदीहून गहाण मोठे, अशा पायावर कोणत्याही शहाण्या सावकाराने घर बांधू दिले नसते. भागांवर शेकडा ५ व्याज कबूल केलेले. उत्पन्नाची भरवशाची बाब म्हटली तर शाळेची फी. आणि नेमक्या ह्या शाळेकडेच पुढे दुर्लक्ष झाले. १८४४ च्या प्रारंभी रिप्ले आणि त्याचे सहकारी फ्रेंच विचारवंत शार्ल फूरिये ह्याच्या पंथाचे झाले. सोळाशेंवर माणसांचा एक समूह, त्याचे गट आणि उपगट, त्या सर्वांसाठी एक भव्य प्रासाद, अशी फूरियेची गणिती योजना. आणि ब्रूक फार्मवर माणसे तर शे-सव्वाशे! मोची, सुतार, छापखान्याचे कामगार आले. त्यांच्या येण्याने संस्था अधिक खरी झाली असे म्हणता येईल, कारण तोवर श्रमजीवी वर्गाची बाजू तेथे बहुधा पुस्तकांतूनच मांडली जात होती. पण जुनी मोकळीक गेली, नोंदवह्या वाढल्या, आणि मुले कमी होत गेली. १८४५ च्या हिवाळ्याच्या तोंडी देवीची साथ आली. कोणी दगावले नाही, तरी जे पालक मुले पाठविण्याच्या विचारात असतील, त्यांचे मन ह्या वार्तेने कसे झाले असेल ते सांगावयास नको.

१७५ फूट लांबीचा तो तीन मजली लाकडी प्रासाद जवळजवळ दोन वर्षे थोडा थोडा वर चढत होता. ३ मार्च १८४६ च्या रात्री, कामास पुन्हा सुरुवात झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ मंडळी जुन्या घरात नाचत असताना, त्यास आग लागली. दोन तासांच्या आत सारे खलास झाले. विमा उतरलेला नव्हता. नुकसान सुमारे ७,००० डॉलरांचे. आग पाहावयास आणि विझवावयास शेजारच्या गावांतून जे लोक धावून आले, त्यांना कॉफी व खाण्याचे देऊन रिप्लेने त्यांचे आभार मानले. ह्या रात्रीचे मेरिअन ड्वाइटने लिहिलेले वर्णन झेनोबियेच्या प्रेताच्या शोधाशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. तीत कलाकुसर नाही, पण जे जळत होते ते लिहिणारीचे स्वतःचे होते.

हॉथॉर्नच्या पैशाचे काय झाले, ह्याचाही उल्लेख येथे केला पाहिजे. त्याने आपली रक्कम परत मागितली, ती मिळेना, तेव्हा १८४५ साली पाचशे डॉलरांहून काही अधिक रकमेची त्याने रिप्लेवर फिर्याद ठोकली आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. त्यास त्या वेळी पैशाची निकड होती; संसार वाढला होता, पुस्तकांवर पोट चालत नव्हते. त्याच्या ह्या कृतीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु 'फिर्यादी' हा शब्द आम्ही आरंभी योजला, तो अलंकार म्हणून योजला नव्हता.

आता हॉथॉर्नच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे, ते सांगितले नाही तर आमच्याकडूनही तसाच अन्याय घडेल. ब्रूक फार्मच्या कोणत्याही इतिहासकारास न दिसलेली एक गोष्ट ह्या कादंबरीने अचूक पाहिली आहे. मोठे ध्येय पत्करलेल्या माणसास समोरचा मनुष्य हळूहळू दिसेनासा होतो. तो त्याच्या योजनेतील एक वीट बनतो. हॉलिंग्सवर्थ दुष्ट नाही. आजारी कव्हरडेलची तो एखाद्या आईप्रमाणे शुश्रूषा करतो. तरी कव्हरडेल आपल्या योजनेत सामील होत नाही असे दिसताच मैत्री तोडून टाकावयास त्यास क्षणही लागत नाही. असे हॉलिंग्सवर्थ आम्ही आमच्याही सार्वजनिक जीवनात थोडे का पाहिले आहेत! आणि त्याहूनही मोठी गोष्ट ही की, हॉथॉर्नने कव्हरडेलला सोडलेले नाही. लपून पाहणारा, कशातही न गुंतणारा, इतरांच्या दुःखातून आपल्या कवितेपुरता रस काढणारा हा निवेदक जसजसा बोलत जातो, तसतसा तोच अधिक उघडा पडत जातो. अखेरच्या पानावर तो प्रिसिलेवरील आपल्या प्रेमाची जी कबुली देतो, ती इतकी उशिरा आणि इतकी निरुपयोगी आहे की, त्या गृहस्थाची कीव येते. ब्लाइथडेलमध्ये बसून ब्लाइथडेलला हसणारा मनुष्य कसा असतो, ह्याचे इतके निर्दय चित्र दुसरे क्वचितच सापडेल. ही कादंबरी ब्रूक फार्मवरील टीका म्हणून लंगडी आहे. ब्रूक फार्मच्या टीकाकारावरील टीका म्हणून ती अद्यापि अजोड आहे.

इमर्सनने उतारवयात ह्या वसाहतीविषयी लिहिताना तिला एका न संपणाऱ्या वनभोजनाची उपमा दिली. ही थट्टा प्रसिद्ध झाली. पण त्याच लेखात तेथे राहून गेलेल्या माणसांस ते दिवस किती मोलाचे वाटत, हेही त्याने नमूद केले आहे आणि हॉथॉर्नचे चित्र साधले नाही, असा अभिप्रायही दिला आहे. थट्टा लोकांच्या लक्षात राहिली, अभिप्राय राहिला नाही. तेथून बाहेर पडलेल्या माणसांकडे पाहिले तर वनभोजनाची उपमा कितीशी टिकते? डेना पुढे 'न्यू यॉर्क सन'चा प्रख्यात संपादक झाला. ड्वाइटने १८५२ साली संगीतास वाहिलेले नियतकालिक काढून अमेरिकेस पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकावयास शिकविले. भट्टीत पाव भाजणारा आयझॅक हेकर कॅथलिक झाला आणि त्याने १८५८ साली पॉलिस्ट पाद्र्यांचा संघ स्थापन केला. सोफिया रिप्लेही त्याच धर्माकडे वळली.

आणि रिप्ले? १८४७ साली संस्था मोडली, त्यापूर्वीच त्याने आपला सारा ग्रंथसंग्रह कर्जापायी लिलावात काढला होता. आपल्याच प्रेतयात्रेस आपण हजर राहिलो तर कसे वाटेल, हे मला आता कळते, असे तो त्या वेळी म्हणाल्याचे सांगतात. मग तो न्यू यॉर्कला गेला, होरेस ग्रीलीच्या 'ट्रिब्यून' पत्रात ग्रंथपरीक्षणे लिहू लागला आणि पुढची कित्येक वर्षे ब्रूक फार्मची देणी थोडी थोडी करून फेडीत राहिला. सोफिया शिकवून त्यास हातभार लावी. ती १८६१ साली वारली. डेनासह संपादिलेला सोळा खंडांचा 'न्यू अमेरिकन सायक्लोपीडिया' ह्या विश्वकोशाने त्यास अखेर हात दिला. 'ट्रिब्यून'मध्ये परीक्षणास येणाऱ्या ग्रंथांत १८५० साली हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' आली. रिप्लेने तिच्यावर मनापासून स्तुतीचा लेख लिहिला. चार वर्षांपूर्वी ज्याने आपल्यावर हुकूमनामा मिळविला, त्याच्या ग्रंथाविषयी हा निर्मळ अभिप्राय.

'ब्लाइथडेल'च्या प्रस्तावनेत हॉथॉर्नने रिप्ले, डेना, ड्वाइट प्रभृतींची नावे घेऊन, ब्रूक फार्मचा खरा इतिहास ह्यांपैकी कोणी तरी लिहावा असे सुचविले आहे. त्यांपैकी कोणीही तसा ग्रंथ लिहिला नाही. रिप्ले १८८० साली वारला, तोवर त्याने त्या सहा वर्षांविषयी छापून असे फारसे काही ठेवले नव्हते. पोरवयात तेथे राहिलेल्या जॉन कॉडमन ह्याने आपल्या आठवणी १८९४ साली प्रसिद्ध केल्या, लिंडसे स्विफ्टचा इतिहास १९०० साली निघाला, आणि मेरिअन ड्वाइटची पत्रे तर १९२८ साली छापली गेली. ज्यांच्या संग्रही 'ब्लाइथडेल' असेल, त्यांनी निदान ह्या पत्रांचे पुस्तक तिच्याशेजारी ठेवावे.